पितळी श्वास

दिवाळीत भाचीनं लॅपटॉप माझ्या पुढ्यात सरकवला. "मामा, यातला कुठला घेऊ?" पडद्यावर अकरा रेग्युलेटर ओळीनं मांडलेले. तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगचा कोर्स करून आलेली पोर. आता सुट्टी मिळाली की मालवण गाठते आणि भाड्याच्या रेग्युलेटरला कंटाळली आहे. बजेट ३५ हजार. मी बराच वेळ गप्प बसलो. "कुठला" हा प्रश्नच आमच्या वेळी नव्हता.

१९९८ साली मी कोचीहून जहाजानं कदमत बेटावर गेलो, तेव्हा शेडमध्ये काथ्याच्या दोरीला चार-पाच रेग्युलेटर टांगलेले होते. हाताला येईल तो आपला. माझ्या वाट्याला आलेल्याच्या माऊथपीसवर आधीच कुणाच्या तरी दातांचे ठसे होते, आणि त्याला सायकलच्या जुन्या ट्यूबसारखा वास यायचा. त्या वासासकट मी पहिल्यांदा पाण्याखाली श्वास घेतला. आजही तसा वास आला की डोळ्यांपुढे ते निळं लगून उभं राहतं.

तिथले मास्तर रात्री जेवणं झाली की वर्तमानपत्र अंथरून बसायचे. पाना लावून फर्स्ट स्टेज उघडायची, पितळी भाग स्टीलच्या वाटीत पाणी घातलेल्या व्हिनेगरमध्ये सोडायचे. बारीक बुडबुडे यायचे, मिठाचा हिरवट थर सुटायचा. मग जुना टूथब्रश. शेवटी कागदावर उरायचं ते एक पिस्टन, एक स्प्रिंग आणि मूठभर ओ-रिंगा. "एवढंच?" मी विचारलं होतं. त्यांनी पिस्टन माझ्या तळहातावर ठेवला. म्हणाले, "यात लपवायला काही नाही, म्हणून यावर जीव टाकतो."

खरंच एवढंच असतं. टाकीत २०० बार दाबानं कोंबलेली हवा फर्स्ट स्टेज आजूबाजूच्या पाण्यापेक्षा नऊ-दहा बारनं जास्त, इतक्यावर आणते. तोंडातली सेकंड स्टेज ती भोवतालच्या पाण्याच्या दाबावर आणून श्वासापुरती सोडते. १९४३ साली कुस्तो आणि गान्याँ या फ्रेंच जोडीनं हे जमवलं, तेव्हा गान्याँचा मूळ व्हॉल्व्ह पेट्रोलच्या टंचाईत मोटारी गॅसवर चालवण्यासाठी केलेला होता. टंचाईतून जन्मलेली वस्तू, त्यामुळे साधा रेग्युलेटर मला कधीच कमअस्सल वाटला नाही.

माझा स्वतःचा पहिला २००४ साली आला. मेव्हण्यानं दुबईहून टॉवेलात गुंडाळून, खजुराच्या डब्यांमध्ये दडवून आणला. साधा अनबॅलन्स्ड पिस्टन. टाकी संपत आली की श्वास किंचित जड व्हायचा, म्हणजे काट्याकडे बघायच्या आधीच छातीला कळायचं. वर्षभरानं सर्व्हिस किट लागलं, तेव्हा मात्र रडकुंडीला आलो. पुढचा माणूस तिकडून येईपर्यंत आठ महिने तो कपाटात पडून होता. विकत घेणं सोपं, सांभाळणं अवघड, हे तेव्हा पक्कं समजलं.

म्हणून भाचीला पहिला प्रश्न किमतीचा विचारलाच नाही. विचारलं, "हा उघडणार कोण?" आता भारतातच डीलर आहेत, दुबईची वाट बघावी लागत नाही. पण ज्या मॉडेलचं किट इथे मिळतं आणि जे उघडणारा प्रशिक्षित माणूस आपल्या आवाक्यात आहे, तेच घ्यावं. एवढ्या एका प्रश्नानं अकरातले सात गळाले. स्वस्तातला सेकंडहँडही गळाला; मागची सर्व्हिस कधी झाली ते विकणाऱ्याला सांगता येईना.

उरलेल्यात तिचा जीव बॅलन्स्ड डायफ्रॅमवर होता. चीज उत्तम. गाळ आत शिरू द्यायचा नसेल तर त्याची सीलबंद जातही चांगली. पण आपलं पाणी कोमट, गोठण्याचं भय नाही. तिचा परवाना १८ मीटरपर्यंतचा. तिथे साधा पिस्टन भरपूर हवा देतो, आणि भाग कमी म्हणून दरवर्षीचा खर्चही कमी. वाचलेले पैसे चांगल्या ऑक्टोपसला, म्हणजे राखीव सेकंड स्टेजला, आणि गेजला. आपल्याकडच्या बोटींवर टाक्या बहुतेक योक जोडणीच्या, तेव्हा डिन जोडणीचा मोह पुढे कधीतरी.

ऑक्टोपसवर मी अडून बसलो त्याला कारण आहे. एकदा भाड्याच्या सेटवर, बारा-एक मीटर खाली, माऊथपीस बांधणारी प्लॅस्टिकची पट्टी तुटली. दातांत नुसतं रबर राहिलं आणि तोंडात खारं पाणी. हात ऑक्टोपसकडे गेला म्हणून आज हे लिहितोय. तेव्हापासून पाण्यात उतरण्याआधी पट्टी ओढून बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

डिसेंबरात खोकं आलं. सर्व्हिसिंग पावसाळ्यात, मालवणचं डायव्हिंग बंद असतं तेव्हा, असं आमचं ठरलं. पाना तिच्या हाती द्यायचा नाही, तो प्रशिक्षित माणसाचाच. पण तो उघडेल तेव्हा तिनं शेजारी बसायचं.

खोकं आलं त्या रात्री टाकी नव्हतीच. फर्स्ट स्टेजला डस्ट कॅप घट्ट बसवली आणि तिला सांगितलं, "आता ओढ श्वास." तिनं ओढला. गाल आत गेले, डोळे मोठे झाले.

"मामा, काहीच येत नाहीये!"

"मग कुठून गळत नाहीये," मी म्हटलं. "अजून एकदा ओढ."