काळजाची काळजी

काळीज या शब्दावर आपण मराठी माणसांनी मोठा अन्याय केला आहे. ते फाटते, त्याचे पाणी होते, त्याला घरे पडतात. पण हे बोलताना आपला हात जातो छातीकडे! खाटकाकडे कलेजी मागा. तो जे तोलून देतो ते हृदय नव्हे, यकृत. उजव्या बरगड्यांखालचा हा कष्टाळू गडी कधी तक्रार करीत नाही, आणि तोच त्याचा घातक गुण. हिपॅटायटिस बी, म्हणजे 'ब' प्रकारच्या काविळीचा विषाणू, त्याच्या घरात वर्षानुवर्षे बिनभाड्याने राहतो. कळते तेव्हा कित्येकदा यकृत आकसलेले असते, नाहीतर तिथे कर्करोग झालेला असतो.

माझ्या चुलतभावाने गणेशोत्सवात रक्तदान केले आणि तपासणीत हा पाहुणा सापडला. काकूंनी लगेच त्याचा कप वेगळा काढला. धास्तीनेच, पण त्या दिवशी तो चहा न घेताच उठला. डॉक्टर म्हणाले, "काकू, कप नको, वस्तरा आणि दातांचा ब्रश तेवढा वेगळा ठेवा." हा रोग एका ताटात जेवल्याने किंवा पोटाशी धरल्याने होत नाही. तो जातो रक्तातून, वापरलेल्या सुईतून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला. कप परत फळीवर गेला. वहिनींनी तपासणी करून लस घेतली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ साली भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांच्या अंगात हा विषाणू होता. बहुतेकांना त्याची वार्ताही नव्हती! या विषाणूचा माग काढणाऱ्या बरूक ब्लूमबर्ग यांना १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे लस निघाली. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ साली ती स्वस्तात बाजारात आणली, आणि २०११ साली ती देशभरच्या सरकारी लसीकरणात आली.

जन्माच्या वेळी लागण झालेल्या दहा बाळांपैकी नऊजणांत हा विषाणू कायमचा मुक्काम ठोकतो. मोठेपणी लागण झाल्यास शंभरांत पाचांतही नाही. म्हणून पहिली टोचणी जन्मानंतर २४ तासांच्या आत. पुढच्या सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यांत. बारशाला बारा दिवस थांबता येते, आत्या गावाहून यायची असली तर आणखीही. या टोचणीला मात्र मुहूर्त एकच: पहिला दिवस.