टाच

2011 साली माझा मुलगा जन्मला तेव्हा पावणेचार किलोचा होता. बघायला येणारा प्रत्येक जण म्हणे, "गुटगुटीत आहे हो!" माझ्या मात्र पोटात गोळा आला. मी अकराव्या वर्षापासून इन्सुलिन घेते; त्या वजनाचा अर्थ मला कोणी सांगायला नको होता.

तासाभराने सिस्टर आल्या. माझ्या आईच्या वयाच्या, मिरजेच्याच. बाळाची टाच त्यांनी आधी कोमट फडक्यात धरून ठेवली. टाच ऊबदार झाली की रक्त लगेच येतं, पुन्हा टोचावं लागत नाही. मग टाचेच्या कडेला अगदी बारीक टोचलं, पहिला थेंब कापसाने पुसला, दुसरा पट्टीवर घेतला. यंत्रावर आकडा आला, 32.

इतकी खाली आलेली साखर मी स्वतः भोगलेली आहे. घाम फुटतो, हात थरथरतात, तोंडात शब्द येत नाहीत. माझ्या तासाभराच्या लेकराला तेच होत असेल, या विचाराने मला रडू आवरेना. "माझ्यामुळे झालं," एवढंच म्हणत राहिले.

सिस्टर स्टूल ओढून बसल्या. "अगं, तुझी साखर वारेतून त्याच्याकडे जायची. तुझं इन्सुलिन नाही जात. मग पोरानं स्वतःचंच जास्त तयार केलं. आता नाळ कापली, साखर बंद झाली, पण त्याचं इन्सुलिन अजून सुरूच आहे. एक-दोन दिवसांत ताळ्यावर येईल. तुझा आजार त्याला झालेला नाही."

नऊ महिने मी दिवसातून सात-आठ वेळा बोट टोचत होते. उपाशीपोटी 95 च्या आत, जेवणानंतर तासाने 140 च्या आत. पुष्कळदा साधलं, काही वेळा नाही साधलं. त्या न साधलेल्या दिवसांचा हिशेब मी मनात घेऊन बसले होते, आणि सिस्टरांनी मला तो एकदाही विचारला नाही.

बाळ झोपाळू, ओढेना. तेव्हा त्यांनी माझ्याकडून हाताने चीक काढून घेतला, थेंब थेंब, पिवळा, दाट. आजेसासूबाई मधाचं बोट लावायला पुढे झाल्या, तर त्यांना हात धरून थांबवलं, "आजी, वर्षाच्या आत मध नाही. त्यानं बाळाला विषबाधा होऊ शकते." मग बोंडल्याने चीक पाजला, आणि तळाशी राहिलेला थेंब बोटावर घेऊन बाळाच्या गालाच्या आत चोळला.

तासाने 43. संध्याकाळी पुन्हा 38. आता चढली नाही तर शिरेतून डेक्स्ट्रोज लावावं लागेल, बाळाला वेगळ्या कक्षात न्यावं लागेल, असं डॉक्टर सांगून गेले. आठला सिस्टरांची ड्युटी संपली होती. त्या गेल्या नाहीत. पुन्हा चीक, पुन्हा बोंडलं, पुन्हा ते कोमट फडकं. साडेनऊला 51 आली तेव्हा त्यांनी पदराने स्वतःचं कपाळ पुसलं.

जाताना उशाशी कागदात गुंडाळलेला गुळाचा खडा ठेवून गेल्या. "पाजायच्या आधी खा. वार पडली की इन्सुलिन एकदम कमी लागतं, त्यात दूध ओढून घेतं." रात्री दोनला मला घाम फुटला. 54. सगळा वॉर्ड बाळाचे आकडे बघत होता. माझ्या आकड्याची आठवण फक्त त्यांना राहिली होती. सकाळी पाहिलं तर त्यांच्या कागदावर दोन रकाने होते : बाळ, आई.

पुढे 2013 मध्ये न्यूझीलंडच्या वायकाटो हॉस्पिटलातल्या चाचणीबद्दल वाचलं. साखर उतरलेल्या बाळांच्या गालाच्या आत 40 टक्के डेक्स्ट्रोजचं जेल चोळलं, तर त्यांना आईपासून दूर न्यायची वेळ कमी येते. वाचता वाचता मला ते बोट दिसलं.

आम्ही चौथ्या दिवशी घरी निघालो तेव्हा सिस्टर सुट्टीवर होत्या. बारशाचं बोलावणं आणि पेढे घेऊन मी पुन्हा गेले. त्यांनी पुडा बाजूला ठेवला. "पेढे मग. आधी त्याचा पाय दाखव." मी मोजा काढला. टोचल्याच्या खुणा जवळजवळ पुसल्या होत्या. त्यांनी बाळाची टाच तळहातात धरली, अंगठा हलकेच फिरवला, आणि बराच वेळ सोडलीच नाही.