पारी

पारी दोन्ही वेळचं मिळून जेमतेम दोन लिटर दूध द्यायची. चार सडांपैकी दोन आजी वासराला राखायची, म्हणजे आमच्या वाट्याला चहापुरतंच. दुधाच्या हिशेबात ही गाय कधीच बसली नाही.

ती डांगी. पांढरं अंग, त्यावर तुरळक काळे ठिपके. असल्या रंगाला आमच्या अकोले तालुक्यात पारा म्हणतात, त्यावरून नाव. आषाढात आमच्याकडे आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. घोंगडी ओली, सरपण ओलं, आणि पारी त्या झडीत रानात खुशाल चरत असायची. पाठीवरून हात फिरवला की तळवा तेलकट व्हायचा. डांगी जनावराच्या कातडीतून तेलासारखं काही पाझरतं, त्यावर पाणी ठरत नाही. खूर काळेभोर, खडकासारखे टणक.

मी सातवीत असताना वडिलांनी कर्ज काढून संकरित गाय आणली. बारा लिटरची. तिच्या दुधावर माझी शाळा झाली, तेव्हा तिला नावं ठेवणार नाही. पण तिची पेंड विकत, चारा विकत. पहिल्याच पावसाळ्यात तिचे खूर सडले, मग कास सुजली. दोन वर्षांत ती विकावी लागली. पारीला विकतचं काही घातल्याचं मला आठवत नाही. भाताचा पेंढा आणि डोंगर, बस्स.

तिच्या दोन गोऱ्ह्यांनी आमच्या खाचरांची चिखलणी बारा वर्षं केली. त्यांना एकदा राजूरच्या डांगी जनावरांच्या प्रदर्शनातही नेलं होतं. नंबर आला नाही. मी भेळ मात्र दोनदा खाल्ली.

म्हातारपणी पारी भाकड झाली. एक व्यापारी दारात येऊन म्हणाला, “आजी, आता काय देती ही?”

आजी राबासाठी शेण पसरत होती. त्यावर पालापाचोळा, गवत, वरून माती. उन्हाळ्यात हे भाजायचं आणि तिथेच भाताचं रोप टाकायचं. तिने मान वर न करता म्हटलं, “हे देती ना.”

व्यापारी चहा पिऊन गेला.

त्यानंतर पारी चार वर्षं जगली. खाचराच्या कडेला तिला पुरलं. तिचं दावं आजीने दुसऱ्याच दिवशी धुतलं, वाळवलं आणि पारीच्या नातीच्या गळ्यात बांधलं. दोर अजून चांगला होता.