स्फोट, भूकंप आणि अडलेला करार

मे २०२५ मध्ये जळगाव, धुळे, अमळनेर, शिरपूर अशा सगळीकडून मला एकच मजकूर पुन्हा पुन्हा येत होता. १० आणि १२ मे रोजी पाकिस्तानात भूकंपाचे धक्के बसले होते. ते भूकंप नव्हतेच, जमिनीखालचा अण्वस्त्रसाठा फुटला किंवा पाकिस्ताननं गुपचूप चाचणी उरकली, असं त्यात ठामपणे लिहिलेलं असे, आणि पुरावा म्हणून ‘खोली १० किलोमीटर’ हा आकडा ठळक केलेला असे. पाकिस्तानातल्या कुठल्याही अणुकेंद्रातून किरणोत्सर्ग झालेला नाही, असं आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनं सांगितल्यावरही मजकूर थांबला नाही. संपादकांनी ‘भूकंपावर काहीतरी सोपं लिहा’ म्हटलं तेव्हा हेच डोक्यात होतं. सोपं लिहायचा प्रयत्न करतो.

स्फोट होतो तेव्हा भोवतालचा खडक सगळ्या बाजूंनी बाहेर ढकलला जातो. त्यामुळे कुठल्याही दिशेच्या भूकंपमापकावर पहिली हालचाल वरच्या बाजूला नोंदली जाते. भूकंपात भेगेचे दोन काठ एकमेकांना घासून सरकतात. म्हणून काही केंद्रांवर पहिला धक्का वर दिसतो, काहींवर खाली. भूकंपात मागून येणाऱ्या दुय्यम लाटा जोरकस असतात, स्फोटात त्या दुबळ्या पडतात. पृष्ठभागावरून धावणाऱ्या लाटांचंही तसंच, पृथ्वीच्या पोटातून येणाऱ्या लाटांच्या मानानं स्फोटात त्या फार कमी भरतात. आता ते दहा किलोमीटर. चाचणीसाठी खणलेली विवरं सहसा काहीशे मीटर खोल असतात. दहा किलोमीटरवर बॉम्ब नेऊन ठेवण्याची सोय जगात कुणाकडे नाही. शिवाय खोली नीट ठरवता येत नसली की गणितात दहा हा आकडा गृहीत धरून ठेवतात, हेही वाचकांनी लक्षात ठेवावं. खोलीवरून भांडू नये, लाटांचा आलेख बघावा.

खान्देशाला हे कळायला जड जाऊ नये. २७ जानेवारी २०२३ ला सकाळी भुसावळ-सावदा भागात ३.३ तीव्रतेचा धक्का बसला, तेव्हा मला पहिला फोन आला तो असा: ‘आप्पा, फॅक्टरीत काही झालं का?’ वरणगाव आणि भुसावळला आयुध कारखाने आहेत, त्यामुळे माणसाच्या मनात ते येणं स्वाभाविकच. मला खंत वाटते ती वेगळी. तापी-नर्मदेच्या या पट्ट्यात जमिनीखाली जुन्या भेगा आहेत. १४ मार्च १९३८ चा सातपुड्याचा भूकंप सहाच्या वरच्या तीव्रतेचा होता आणि जवळजवळ ४० किलोमीटर खोलीवर झाला होता. ही गोष्ट आमच्याकडे शाळेत कुणी सांगत नाही. आपल्याच जमिनीची ओळख नसलेल्या माणसाला कुठलाही हादरा शत्रूचा वाटतो.

आणि स्फोट की भूकंप हे ठरवणारी जागतिक यंत्रणा ज्या करारातून उभी राहिली, त्या कराराबद्दल तर गैरसमजच जास्त. सर्वंकष अणुचाचणीबंदी करार, म्हणजे सीटीबीटी, हा अण्वस्त्रबंदीचा करार नाही. अण्वस्त्र प्रसारबंदीचा १९६८ चा करार वेगळा, त्याच्याशीही लोक गल्लत करतात. सीटीबीटी फक्त अणुस्फोटांवर, मग ते लहान असोत की मोठे, बंदी घालतो. बिकिनी बेटावरच्या १ मार्च १९५४ च्या अमेरिकी स्फोटानंतर महिन्याभरात, २ एप्रिलला, पंडित नेहरूंनी लोकसभेत चाचण्या थांबवण्याची मागणी केली होती. एवढ्या लवकर हे बोलणारे ते जगातले पहिलेच मोठे नेते, याचा मला अजून अभिमान वाटतो. १९६३ च्या आंशिक बंदीनं हवेतल्या, पाण्यातल्या आणि अवकाशातल्या चाचण्यांना मनाई केली. भूमिगत चाचण्या चालू राहिल्या, आणि तिथून आमच्या भूकंपशास्त्राला महत्त्व आलं.

सीटीबीटी १० सप्टेंबर १९९६ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १५८ विरुद्ध ३ मतांनी मंजूर झाला. विरोधात भारत, भूतान आणि लिबिया. आजवर १८७ देशांनी सही केली, १७८ देशांनी अनुसमर्थन दिलं. तरी तो अमलात आलेला नाही. कारण चौदाव्या कलमानुसार, दुसऱ्या परिशिष्टात नावानिशी दिलेल्या ४४ देशांपैकी प्रत्येकानं अनुसमर्थन दिलं पाहिजे, एकही वगळून चालत नाही. त्यातले नऊ बाकी आहेत. अमेरिका, चीन, इजिप्त, इराण, इस्राएल यांची सही आहे, अनुसमर्थन नाही. अमेरिकी सिनेटनं १३ ऑक्टोबर १९९९ ला ते ४८ विरुद्ध ५१ मतांनी फेटाळलं. रशियानं दिलेलं अनुसमर्थन नोव्हेंबर २०२३ मध्ये मागे घेतलं. भारत, पाकिस्तान आणि उत्तर कोरिया यांनी सहीच केलेली नाही. ‘भारतामुळे करार अडला’ असं परदेशी मासिकांत सर्रास लिहितात. आठ देशांना बाजूला ठेवून एकावर बोट ठेवणं हा अन्याय आहे.

जिनिव्हात आपल्या राजदूत अरुंधती घोष यांनी १९९६ मध्ये जी बाजू मांडली, ती मला आजही पटते. पाच मोठ्या सत्तांनी शेकडो चाचण्या करून माहिती गोळा केली, प्रयोगशाळेतल्या पुढच्या कामाला मोकळीक ठेवली आणि निःशस्त्रीकरणाची मुदत मात्र द्यायला नकार दिला. त्यात आपलं नाव त्या ४४ मध्ये घालून आपल्यावर दडपण आणलं. पण १९९८ नंतर आपण स्वतःहून चाचण्या थांबवल्या आहेत, आणि २००८ च्या भारत-अमेरिका अणुकराराच्या वेळी ते जगाला पुन्हा सांगितलं आहे. जे पाळतोच आहोत त्यावर सही का नाही, हा प्रश्न उरतो. त्याच्या मुळाशी एक वाद आहे. त्यावर मी थोडं जास्त लिहिणार आहे.

११ मे १९९८ ला पोखरणला तीन स्फोट एकाच क्षणी झाले. त्यांची एकत्रित शक्ती सुमारे ५८ किलोटन, त्यात हायड्रोजन बॉम्बची ४३, असं भाभा अणुसंशोधन केंद्रानं सांगितलं. परदेशी भूकंपतज्ज्ञांना लाटांची तीव्रता ५.२ दिसली आणि त्यांनी शक्ती १० ते १५ किलोटनच्या आसपास धरली. ऑगस्ट २००९ मध्ये, पोखरणच्या तयारीत असलेले के. संथानम यांनीच जाहीरपणे सांगितलं की हायड्रोजन बॉम्ब अपेक्षेइतका पेटला नाही, म्हणून भारतानं सही करू नये. अणुशास्त्रज्ञ डॉ. आर. चिदंबरम आणि सातपुड्यापलीकडच्या बडवानीत जन्मलेले डॉ. अनिल काकोडकर यांनी ते ठामपणे खोडून काढलं.

आता गणित. तीव्रतेवरून शक्ती काढायची तर जमीन कशी आहे ते आधी कळावं लागतं. घण काळ्या दगडावर मारला तर हादरा लांब जातो, सरकीच्या गोणीवर मारला तर तिथेच मुरतो. कझाकस्तानातल्या सेमिपलातिन्स्कच्या घट्ट खडकासाठी सूत्र आहे: तीव्रता म्हणजे ४.४५ अधिक शक्तीच्या लॉगची ०.७५ पट. त्यात ५.२ घातले की १० किलोटन येतात. अमेरिकेतल्या नेवाडासाठी तेच आकडे ३.९२ आणि ०.८१. त्यात ५.२ घातले की ३८ येतात! आपल्या शास्त्रज्ञांनी सरासरी तीव्रता ५.४ च्या जवळ धरली. एवढ्या ०.२ नं शक्ती पावणेदोन पटीच्या वर जाते. त्यांचं म्हणणं असं, की दोन मोठे स्फोट किलोमीटरभर अंतरावर एकाच क्षणी झाल्यामुळे काही दिशांना लाटांनी एकमेकींना कापलं. हे शक्य आहे. पोखरणचा खडक सेमिपलातिन्स्कसारखा की नेवाडासारखा, यावर सगळं अडतं. १३ मेच्या दोन छोट्या स्फोटांची तर परदेशी केंद्रांना चाहूलही लागली नाही. मी आयुष्यभर आलेख वाचले, तरी ‘५८ च’ किंवा ‘१५ च’ असं मला म्हणता येत नाही. जवळच्या केंद्रांच्या मूळ नोंदी सगळ्यांसमोर ठेवल्या असत्या तर कदाचित म्हणता आलं असतं.

इथे गौरीबिदनूरचा मुद्दा येतो. कर्नाटकातल्या या गावी १९६५ मध्ये ब्रिटिश अणुऊर्जा संस्थेच्या सहकार्यानं इंग्रजी एल अक्षराच्या आकारात वीस भूकंपमापक बसवले गेले. त्याच काळात, त्याच आराखड्याची केंद्रं स्कॉटलंडमधल्या एस्कडेलम्यूरला, कॅनडातल्या यलोनाइफला आणि ऑस्ट्रेलियातल्या वारामुंगाला उभी राहिली. ती तिन्ही आज कराराच्या जागतिक जाळ्यात आहेत. गौरीबिदनूर नाही. एकूण ३२१ केंद्रांची योजना असलेल्या त्या जाळ्यात भारताचं एकही केंद्र नाही, आणि सही नसल्यामुळे त्यातली कच्ची माहिती आपल्याला हक्कानं मिळतही नाही. करार कागदावर अडलेला असला तरी हे जाळं काम करतं. ऑक्टोबर २००६ मध्ये उत्तर कोरियानं केलेली चाचणी एक किलोटनपेक्षाही लहान होती. तिचा हादरा तर टिपला गेलाच, पण दोन आठवड्यांनी यलोनाइफला हवेत किरणोत्सर्गी झेनॉनही सापडला. तेव्हा मला फार आनंद झाला होता, आणि आपण त्यात नसल्याचं वाईटही वाटलं होतं.

मात्र अनुसमर्थनाशिवाय हे काम अर्धंच राहतं. संशयाच्या जागी निरीक्षक पाठवायची तरतूद करारात आहे: ५१ जणांच्या कार्यकारी मंडळातल्या ३० मतांनी, कमाल १,००० चौरस किलोमीटर क्षेत्रात. करार अमलात आल्यावरच ती वापरता येते. तोवर यंत्रं काय म्हणतात ते सांगायचं, जागेवर जाऊन बघता येणार नाही. म्हणून मे २०२५ सारखे मजकूर फिरतात आणि ते खोडायला आमच्यासारख्यांचे आलेखच तेवढे उरतात.

धुळ्यातल्या एका व्याख्यानानंतर एका विद्यार्थिनीनं विचारलं, ‘सर, सही केली तर आपलं गुपित बाहेर जाईल ना?’ गौरीबिदनूरच्या नोंदीत आपलं गुपित फारसं नाही, दुसऱ्यांचं पुष्कळ आहे. सही कधी करायची ते सरकारनं ठरवावं, त्यासाठी चीन आणि अमेरिकेकडे बघावं लागेल हेही मान्य. पण पाकिस्ताननं सही न करता कराराच्या तयारी आयोगात निरीक्षक म्हणून जागा घेतली आहे. आपण तेवढं तरी करावं, आणि १९६५ पासूनच्या नोंदी देशातल्या विद्यापीठांना मोकळ्या कराव्यात, जळगावच्या विद्यापीठालासुद्धा. सातपुड्यातला पुढचा मोठा धक्का कुठल्या भेगेवर येईल हे शोधायलाही त्याच नोंदी लागणार आहेत.