डोंगरापलीकडचे पाणी

सुख आणि आनंद हे दोन शब्द आपण बहुधा एकाच अर्थाने योजितो. परीक्षेत वरचा क्रमांक आला, घरी नवी सायकल आली, पुष्कळ दिवसांनी मामा भेटीस आले, म्हणजे आपण म्हणतो, "आज मोठा आनंद झाला." त्यात वावगे काहीच नाही. परंतु ज्या कारणाने तो आनंद झाला ते कारण नाहीसे होताच तोही नाहीसा होतो. मग कारण गेल्यावरही मागे उरेल असा आनंद या जगात आहे काय? बरीच वर्षे हा प्रश्न मला केवळ उपदेशाच्या वेळी विचारण्याचा वाटत असे. पुढे आमच्या घरावर दोन वर्षे अशी आली की, त्याचे उत्तर शोधल्यावाचून मला गत्यंतरच उरले नाही. बालमित्रांनो व वडीलधाऱ्या वाचकहो, ती हकीकत आज आपणांस सांगावी असे मनात आले आहे.

आमचे घर रोह्याचे. थोरले बंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, नोकरीनिमित्त पेण येथे बिऱ्हाड करून राहत. पेण आणि रोहे यांमध्ये अंतर ते किती? आगगाडीने सुमारे ४० किलोमीटर. दर महिन्याला एखाद्या रविवारी दादा, वहिनी व मुले रोह्यास येत, आणि त्या दिवशी उपासनेहून परतल्यावर आईच्या हातच्या तांदळाच्या भाकऱ्यांवर आम्ही सारे एकत्र बसत असू.

आमच्या आईच्या दोन सवयी होत्या. पहिली ही की, भाकऱ्या करताना घरातील माणसे मोजून झाल्यावर ती एक भाकरी अधिक करी. "ही कुणाची?" असे लहानपणी मी विचारी, तेव्हा ती म्हणे, "जो उपाशी येईल त्याची." दुसरी सवय अशी की, रात्री जेवणे झाल्यावर ती आम्हां सर्वांना जवळ बसवी, त्या दिवसात मिळालेल्या तीन गोष्टींबद्दल देवाचे आभार मानी, आणि मग एक गीत म्हणे. ही गीते बहुधा कोकणातच जन्मलेल्या नारायण वामन टिळकांची असत. या दोन्ही सवयी आईला तिच्या आजीकडून आल्या होत्या. ती आजी म्हणजे माझी पणजी. इ. स. १९०० च्या सुमारास गुजरातेत जो भयंकर दुष्काळ पडला त्यात ती पोरकी झाली व पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्तिसदनात वाढली. भुकेने व्याकूळ झालेल्या त्या मुलीला कोणीतरी आपल्या वाट्याची भाकरी दिली होती. ती भाकरी ती जन्मभर विसरली नाही.

सन २०२० साली कोरोनाची साथ आली. टाळेबंदी झाली, आगगाड्या थांबल्या, शाळा बंद पडल्या. दादांच्या कचेरीत वेतन निम्म्यावर आले. त्यातच ३ जून रोजी निसर्ग नावाचे चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. आमच्या घरावरील अर्धी कौले गेली, दारचा जुना आंबा उन्मळून पडला, विजेचे खांब आडवे झाले. कित्येक रात्री आम्ही कंदिलावर काढल्या. मी शिक्षक, परंतु वीज नसल्याने मोबाईलवरून जे काही शिकविणे चालले होते तेही बंद पडले. त्या रात्रीदेखील आईने तीन गोष्टींबद्दल आभार मानले. तिसरी गोष्ट कोणती असावी? "उरलेली अर्धी कौले!" आम्ही हसलो. पण खरे सांगतो, मनातून मला ते हसणे थोडे भाबडे वाटले.

पेणला दादांच्या शेजारी एक मूर्तिकार राहत. गणपतीच्या मूर्तींसाठी पेण सर्वत्र प्रसिद्ध आहे, हे आपण जाणताच. वादळाने त्यांच्या कारखान्याचे पत्रे उडाले व पावसात शाडूच्या कित्येक मूर्ती भिजून पुन्हा माती झाल्या. शिवाय त्या वर्षी साथीमुळे सरकारने सार्वजनिक मूर्ती ४ फुटांपर्यंत व घरगुती मूर्ती २ फुटांपर्यंतच असावी असे ठरविले, त्यामुळे आधी घडविलेल्या मोठ्या मूर्तींना गिऱ्हाईक राहिले नाही. दादांची स्वतःचीच ओढाताण चालली होती. तरी ते चार दिवस त्या शेजाऱ्यांबरोबर छपरावर चढून पत्रे ठोकीत होते. कोणी म्हणाले, "तुम्ही ख्रिस्ती, तुम्हांला या मूर्तींचे काय?" दादा उत्तरले, "छप्पर शेजाऱ्याचे आहे." एवढेच बोलून ते पुन्हा कामास लागले.

पुढल्या वर्षी, २०२१ च्या एप्रिल महिन्यात, साथीची दुसरी लाट आली आणि दादा तिच्यात सापडले. त्यांना रुग्णालयात नेले, तेथे कोणालाही भेटू देत नसत. नवव्या दिवशी पहाटे फोन आला. मी एकटाच दुचाकीवरून निघालो. नागोठणे, वडखळ ही नेहमीची गावे मागे पडत होती. परंतु तो रस्ता मला कधी इतका लांब वाटला नव्हता. दफनविधीस आम्ही मोजकीच माणसे, तीही दूर दूर उभी. वहिनी व मुले स्वतः आजारी असल्याने घरात कोंडलेली. दादांचे मुख मला पाहता आले नाही.

संध्याकाळी घरी परतलो. आई ओसरीवर बसली होती. तिने काही विचारले नाही. बराच वेळ ती रडली. आम्हीही रडलो. रात्र झाली. नेहमीची वेळ होताच ती म्हणाली, "बाळ, आज तू गा." मी म्हणालो, "आई, मला जमायचे नाही. आणि आज आभार तरी कशाचे मानायचे?" माझ्या शब्दांत राग होता, तो तिच्यावर नव्हता, देवावर होता. तिने मला रागे भरले नाही, उपदेशही केला नाही. तिने आपणच गीत सुरू केले. दोन ओळी झाल्या, आणि तिचा कंठ दाटला. पुष्कळ वेळ ती थांबली, मग हळूच म्हणाली, "उरलेले उद्या गाऊ."

दुसऱ्या रात्री तिने तिसऱ्या ओळीपासून आरंभ केला, आणि एका ओळीनंतर पुन्हा थांबली. तिसऱ्या रात्री पुढची ओळ. ते लहानसे गीत पुरे व्हावयास आठ रात्री लागल्या. मी रोज ऐके व गप्प बसे.

त्याच सुमारास एके दिवशी पहाटे दूध आणावयास गेलो असता मी कुंडलिकेच्या काठी थांबलो. वैशाख तोंडावर आला होता. आसपासचे ओढे, विहिरी आटल्या होत्या. पण कुंडलिका वाहत होती. हे दृश्य मी जन्मापासून पाहत आलो आहे, म्हणूनच की काय, त्याचे नवल कधी वाटले नव्हते. त्या दिवशी मात्र लहानपणी वडिलांनी सांगितलेली गोष्ट आठवली. कोकणातील कितीएक नद्या पावसावर जगतात व उन्हाळ्यात दीनवाण्या होतात. कुंडलिकेचे तसे नाही. सह्याद्रीच्या पलीकडे, पुणे जिल्ह्यात, मुळशीचे धरण आहे. तेथे अडविलेले पाणी डोंगराच्या कडेपर्यंत आणून मोठमोठ्या नळांतून सुमारे ५०० मीटर खाली भिरा येथील विद्युत्गृहात सोडतात. १९२७ सालापासून तेथे वीज निर्माण होत आहे. वीज करून मोकळे झालेले पाणी मग कुंडलिकेत येते. जे पाणी एरवी मुळा, भीमा व कृष्णा यांच्यामार्गे पूर्वेच्या समुद्रास मिळावयाचे, ते अशा रीतीने आमच्या दारावरून रेवदंड्याकडे पश्चिमेच्या समुद्रास जाते. कोलाड-रोह्याच्या परिसरात उन्हाळ्यातही जी हिरवी शेते दिसतात ती याच पाण्याच्या आधारावर.

नदीकडे पाहताना माझ्या मनात आले, आपले सुख हे पावसाळी ओढ्यासारखे आहे. वर मेघ आले की तो दुथडी भरतो, मेघ गेले की दगड उघडे पडतात. आईचा आनंद निराळा होता. तिच्या आकाशातही मेघ नव्हता. तिचेही दगड उन्हात तापत होते. तरी कोठून तरी, आम्हांला न दिसणाऱ्या ठिकाणाहून, तिच्याकडे पाणी येत होते. ते रोज एका ओळीपुरतेच येई, परंतु येई.

दृष्टांत कोणताही पूर्ण नसतो. मुळशीच्या धरणासाठी तेथील अनेक गावांची शेतेघरे पाण्याखाली गेली. त्या अन्यायाविरुद्ध १९२१ साली सत्याग्रह सुरू झाला व त्याचे नेतृत्व सेनापती बापट यांनी केले. ती हानी त्या शेतकऱ्यांवर लादली गेली होती. आम्ही ख्रिस्ती लोक ज्या आनंदाची गोष्ट बोलतो तो मात्र प्रभूने स्वखुशीने सोसलेल्या दुःखातून आम्हांस मिळाला, असा आमचा विश्वास आहे. तथापि कोणाच्या तरी दुःखावाचून पाणी खाली आलेले नाही, हे कुंडलिकेच्या काठी राहणाऱ्याने विसरू नये.

घरी आलो व आईच्या पेटीतील पंडिता रमाबाईंचे चरित्र काढून पुन्हा वाचले. त्यांचा जन्म १८५८ सालचा. तरुणपणीच दुष्काळात वडील, आई व थोरली बहीण गेली. १८८० साली भाऊ गेला. १८८२ साली पती गेले, तेव्हा कन्या मनोरमा एक वर्षाचीही नव्हती. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या प्रांजळपणे सांगतात की, त्या वेळी आपणास ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण स्वतः ख्रिस्ताची ओळख पुढे कित्येक वर्षांनी झाली. हे वाचून माझ्या मनावरील मोठे ओझे उतरले. एवढ्या थोर बाईंनाही जर आनंदासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागले, तर आठ रात्री गप्प बसलेल्या मला देव टाकून देणार नाही!

पुढे २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाईही गेल्या. त्या वेळी रमाबाईंचे वय ६३ वर्षांचे होते. ऐकू येणे कमी झाले होते. आणि हाती एक काम अपुरे होते. साध्याभोळ्या बायकांना समजेल अशा सोप्या मराठीत संपूर्ण पवित्र शास्त्राचे भाषांतर करण्याचे ते काम. त्यासाठी त्या इब्री व ग्रीक भाषा शिकल्या होत्या. आता हे सारे कोणासाठी, असे म्हणून त्यांनी लेखणी खाली ठेवली असती, तर त्यांना कोण नावे ठेवणार होते? पण त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला तेव्हा ते काम हातावेगळे झाले होते, आणि १९२४ साली तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. उरलेले उद्या गाऊ, या आईच्या शब्दांचा अर्थ मला तेव्हा कळला.

याच दिवसांत पेणहून वहिनींचा फोन आला. त्या म्हणाल्या, "भाऊजी, आमच्या जेवणाची काळजी करू नका. शेजारचे मूर्तिकार दोन्ही वेळा दाराशी डबा ठेवून जातात." चौदा दिवस त्या गृहस्थांनी डबा चुकविला नाही. मी त्यांना फोन करून आभार मानू लागताच ते मध्येच म्हणाले, "अहो, माझे छप्पर अजून शाबूत आहे ना?" यापुढे त्यांना बोलवेना, व मलाही.

आईला ही गोष्ट सांगितली. ती काही बोलली नाही. चुलीजवळ जाऊन बसली. त्या दिवशी तिने एकाऐवजी चार भाकऱ्या अधिक केल्या. आमच्या आळीत एक म्हातारे जोडपे आजारी होते व त्यांची मुले दूर अडकून पडली होती. "हा डबा त्यांच्या दाराशी ठेवून ये," ती म्हणाली. मी गेलो. दाराआडून क्षीण आवाज आला, "देव तुमचे भले करो." परत येताना माझे डोळे भरून आले, आणि गेल्या कित्येक दिवसांत प्रथमच त्या अश्रूंत राग नव्हता. त्या रात्री गीताची शेवटची ओळ मी आईबरोबर म्हटली.

दादांची आठवण आजही येते, आणि डोळ्यांत पाणीही येते. आनंद म्हणजे दुःखाचा विसर नव्हे, हे मी आता जाणतो. फिलिप्पै नगराच्या तुरुंगात पौल व सीला यांना फटके मारून त्यांचे पाय खोड्यांत अडकविले होते, तरी मध्यरात्री ते गात होते. त्यांच्या पाठीवरील वळ गाण्याने मिटले नव्हते. परंतु शास्त्र सांगते की, इतर बंदिवान ते गाणे ऐकत होते. मला वाटते, विश्वासाचा आनंद आपल्याला मिळतो तो एकट्यासाठी नव्हे. अंधारात शेजारी कोणीतरी ऐकत असतो. आई गात होती तेव्हा मी ऐकत होतो. दादा छपरावर खिळे ठोकीत होते तेव्हा एक शेजारी ऐकत होता.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरीही कधी वादळ येईल. कोणाच्या घरी ते याआधीच येऊन गेले असेल. त्या रात्री मोठ्याने गाता आले नाही, तर लाजू नका. एक ओळ म्हणा. तीही जमली नाही, तर जो गात असेल त्याच्याजवळ बसा. आणि दुसऱ्या दिवशी कोणासाठी तरी एक भाकरी अधिक करा. डोंगरापलीकडचे पाणी तुमच्या नदीलाही येईल, आणि ज्या देवाने माझ्या आईला एकेक ओळ पुरविली तो तुम्हांलाही उणे पडू देणार नाही, अशी त्याच्याच चरणी प्रार्थना करून हा लेख पुरा करितो.