तारेखालचा कान

इलेक्ट्रिक बेस गिटारीला तोंड लावून कितीही ओरडा, चांगल्या पिकअपला ते ऐकू जात नाही. हवेशी त्याचं देणंघेणंच नसतं. चुंबक, आणि त्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, एवढाच त्याचा संसार. वरची पोलादी तार हलली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि फॅरेडेने 1831 साली दाखवून दिल्याप्रमाणे वेढ्यांत क्षीण वीज उमटते. तीच पुढे अँप्लिफायरमधून सूर होऊन बाहेर पडते. नायलॉनच्या तारा चढवा, पिकअप मुका.

माझ्या गिटारीतला जुना पिकअप मात्र नको ते सगळं ऐकायचा. त्याच्या झाकणावर नख वाजवलं की स्पीकरमधून टकटक. आवाज चढवला की बारीकशी किंचाळी. वेढे घट्ट बसलेले नसले की ते स्वतःच थरथरू लागतात आणि असा चोंबडेपणा सुरू होतो. म्हणून जाणते कारागीर गुंडाळी वितळलेल्या मेणात बुडवतात, पॅराफिन आणि मधमाश्यांचं मेण एकत्र करून, आतले हवेचे बुडबुडे निघून जाईपर्यंत. मेण थिजलं की वेढे जागच्या जागी बसतात आणि पिकअप तारेखेरीज सगळ्या जगाला बहिरा होतो. बहिरेपणाची किंमत मोजून घ्यायची अशा वस्तू फार नसतील.

तर तो बदलायचा ठरवला. वाद्य तेच राहणार होतं. लाकूड तेच, तारा त्याच, बोटंही माझीच. फक्त आत बसून ऐकणारा नवा येणार होता.

हे कान पहिल्यांदा घडवणाऱ्या माणसाचं मला कायम नवल वाटतं. लिओ फेंडर कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा, मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. 1951 मध्ये त्याने पडदे असलेली बेस गिटार बाजारात आणली आणि तिला ‘प्रिसिजन’ नाव दिलं, कारण उभ्या डबल बेसवर सूर अंदाजाने शोधावा लागे, इथे पडद्यामागे बोट ठेवलं की तो नेमका लागे. 1957 मध्ये तिच्यातल्या एकसंध पिकअपचे त्याने दोन तुकडे केले. एक तुकडा दोन जाड तारांखाली, दुसरा दोन बारीक तारांखाली, जरासे मागेपुढे सरकवलेले. दोन्हींतले चुंबक आणि वेढे एकमेकांच्या उलट. घरातल्या विजेची गुणगुण दोन्ही तुकड्यांत सारखीच शिरते आणि बेरीज होताना एकमेकींना खाऊन टाकते. तारांचे सूर मात्र वाचतात, कारण प्रत्येक तुकड्याच्या वाट्याला स्वतःच्या दोनच तारा आल्यात. इतकी सरळ युक्ती दुसऱ्या कुणाला सुचली असती तर त्याने तिच्यावर पुस्तक लिहिलं असतं. फेंडरने गिटारी विकल्या.

ती गुणगुण आपल्याकडे जरा खोडकरच आहे. आपली वीज 50 हर्ट्झची, आणि बेसच्या सर्वांत जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा ‘जी’ 49 हर्ट्झचा. एकसंध गुंडाळीच्या पिकअपवर तो सूर लांबवून धरा, सेकंदाला साधारण एक असा झोका त्यात ऐकू येतो. अमेरिकेत वीज 60 हर्ट्झची, त्यामुळे फेंडरच्या कारखान्यात हा ‘जी’ निर्धास्त वाजत असणार.

नवा पिकअप आला. अल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोखंड यांच्या मिश्रधातूचे, म्हणजे अल्निकोचे चुंबक. तारा सैल करून बाजूला सारल्या, पिकगार्ड उचललं. आतला स्पंज हात लावताच भुगा झाला. कथील-शिशाचं 60-40 सोल्डर साधारण 190 अंशांना वितळतं. आवाजाच्या बटणाखालच्या पॉटच्या पायाशी ते लगेच पाझरतं, पण अर्थिंगची वायर जोडायची असते पॉटच्या पाठीवर, आणि ती पाठ जाड तव्यासारखी उष्णता पिऊन बसते. घाई केली तर ड्राय सोल्डर. वरून जोड लागलेला दिसतो, पण चमक नसते, राखाडी दाणेदार डाग असतो, आणि महिन्याभराने ऐन कार्यक्रमात खरखर सुरू होते. धीर धरला की राळेचा धूर वर येतो आणि कथील आरशासारखं पसरतं.

पिकगार्ड बसवण्याआधी केबल जोडली आणि पोलादी स्क्रूड्रायव्हर चुंबकांना एकेक टेकवत गेलो. धप्, धप्. दोन्ही तुकडे जिवंत. मग झाकणावर नख वाजवलं. काहीच नाही.

पुढचे काही दिवस उंची लावण्यात गेले. पिकअप तारांच्या जवळ आणला की आवाज भरतो, पण फार जवळ गेला तर चुंबक तारेलाच ओढतो आणि जाड तारेचा सूर डुलायला लागतो. स्क्रू अर्धा फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. याच दिवसांत कळलं की माझा उजवा हात नकळत ब्रिजकडे सरकतो आणि सूर रोडावतो. जुन्या पिकअपच्या गोंधळात हे झाकून जात होतं.

बेस नीट ऐकली जात नाही, ही तक्रार तशी जुनीच. आर. डी. बर्मन यांच्या गाण्यांत टोनी वाझ यांची बेस आपल्यापैकी कितीतरी जणांनी ट्रान्झिस्टरवर ऐकली. मोकळी जाड तार 41 हर्ट्झची. तळहाताएवढ्या स्पीकरला ती झेपतच नाही. पोचतात ते वरचे स्वयंभू स्वर, आणि त्यांवरून मेंदू खालचा मूळ सूर स्वतःच भरून काढतो. म्हणजे अर्धी बेस ऐकणाऱ्यानेच वाजवलेली.

ऑर्केस्ट्रात बेस वाजवणारा एक मित्र माझी गिटार वाजवून गेला आणि म्हणाला, “माझाही बदलून देतोस?”

“आधी तारा बदल,” मी म्हटलं. “किती वर्षं झाली?”

“जेमर्सनने कुठे बदलल्या?”

जेम्स जेमर्सन, मोटाउनच्या गाण्यांमागचा बेसवादक, 1962 ची प्रिसिजन, एकाच बोटाने छेडायचा. तुटल्याशिवाय तार बदलायची नाही हा त्याचा नेम होता, हे बेसवाल्यांच्या जगात पोरासोरांनाही ठाऊक.

“त्याने पिकअप तरी कुठे बदलला होता?” मी विचारलं.

मित्राने थोडा विचार केला. “मग राहू दे,” म्हणाला, “उंची तेवढी लावून दे.” मी स्क्रूड्रायव्हर शोधायला उठलो.