राख

काटोलच्या आमच्या घरी चुलीची राख भांडी घासायला, साठवणीच्या मुगाला आणि परसातल्या वांग्यांवर वापरत. 'राख' हा शब्द त्यामुळे मला कधी अमंगळ वाटला नाही. 16 जुलै 2022 रोजी नागपूरजवळ कोराडी वीजकेंद्राचा खसाळ्याचा राखबंधारा फुटला; राख वावरांतून कोलार नदीत, पुढे कन्हानमध्ये गेली. ही राख दगडी कोळशाची. कोळसा जळून जातो. त्यातले आर्सेनिक, शिसे, क्रोमियम बहुतांशी राखेत साठून उरतात. शेणखत, पाचोळा, मेलेले ढोरसुद्धा माती पचवते. धातू कुजत नाही. आणि 'मातीत मिळणे' म्हणजे नाहीसे होणे, असे आम्ही वर्गात सांगतो! शेतकऱ्याच्या हाती असते ती मृदा आरोग्य पत्रिका. तीत नत्र, स्फुरद, पालाश, जस्त असे 12 घटक मोजलेले असतात. शिसे त्यांत नाही, आर्सेनिकही नाही.